वसविणारे आणि वसणारे

तांब्या या शब्दावर आमचें फार दिवसांपासून प्रेम आहे. तो पितळेचा असो, जर्मन सिल्व्हरचा असो किंवा हल्लीं घरोघर दिसणारा स्टीलचा असो, आम्ही त्याला तांब्याच म्हणतों. मूळ धातु निघून गेला तरी त्याचें नांव भांड्याला चिकटून राहिलें आहे. ताम्हण त्याच कुळांतलें, तांबट त्याच कुळांतला. तांबडा हा रंगहि त्याच्याच नात्यांतला, आणि पूर्वेकडे उजेडाची पहिली रेघ दिसली म्हणजे 'तांबडें फुटलें' असें म्हणून आपण पहाटेला देखील त्याच धातूच्या पदरीं घातलें आहे. देवघरांत तांबें, न्हाणीघरांत बंबाच्या रूपानें तांबें, आणि आज भिंतीच्या पोटांतून दिव्याला नि पंख्याला वीज पोंचविणाऱ्या तारांतहि तांबेंच.

इतक्या जिव्हाळ्याच्या धातूचें माहेर मात्र आपणांस ठाऊक नसतें. हिऱ्यांचें नांव काढलें कीं गोवळकोंडा आठवतो, सोन्याचें काढलें कीं कोलार आठवतें. पण तांब्याच्या एका खाणीचें नांव सांगा म्हटलें तर चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतहि क्षणभर शांतता पसरते. याचें एक कारण असें कीं, तांब्याला गांव राहत नाहीं. तें भट्टींत वितळलें, कीं कोणत्या डोंगरांतून आलें आणि कोणाच्या हातांनीं बाहेर निघालें, हें सारें विसरून जातें. मोडींत घातलेली आजीची कळशी आणि काल खाणींतून आलेला गोळा एकाच मुशींत एकरूप होतात. म्हणून अशा एखाद्या विसरलेल्या माहेराची चौकशी करावी असें आमच्या मनानें घेतलें. आमचा प्रवास बहुधा नकाशा आणि जुनीं पुस्तकें यांच्या आधारें बसल्या जागींच होतो. त्यास भाडें लागत नाहीं आणि वाटेंत कोणी हटकीतहि नाहीं. असेच हिंडत हिंडत आम्ही दक्षिण ऑस्ट्रेलियांतल्या एका ओढ्याकांठीं जाऊन पोंचलों आणि तेथेंच अडकून पडलों.

त्या ओढ्याचें नांव 'बरा बरा'. मराठी कानाला हें नांव ऐकतांच हंसूं येतें. दुखणाईताची चौकशी करतांना वैद्यबुवांनीं काढावे तसे हे उद्गार. पण गंमत निराळीच आहे. कांहीं जाणत्यांच्या मतें हा शब्द त्या भागांतील मूळ रहिवाशांच्या बोलींतला आहे. तर दुसरा पक्ष म्हणतो कीं, हा आपल्या इकडचा 'बडा बडा' आहे, आणि मेंढ्या राखण्यासाठीं त्या प्रांतांत नेलेल्या हिंदी मजुरांनीं तो तेथें सोडला. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें अगदींच हवेंत नाहीं. १८३८ मध्यें कलकत्त्याहून ॲडलेडला आलेल्या ग्लीसन बंधूंबरोबर हिंदी मजूर होते, आणि त्याच बंधूंपैकीं एकानें पुढें या ओढ्यापासून एका दिवसाच्या वाटेवर क्लेअर हें गांव वसविलें. या वादाचा निकाल लावणें आमच्या हातीं नाहीं. पण निकाल 'बडा बडा'च्या बाजूनें लागो कीं न लागो, ज्यांनीं तो शब्द उच्चारला असेल त्यांच्यापैकीं एकाचेंहि नांव कोणीं लिहून ठेवलेलें नाहीं, एवढी गोष्ट खरी. या गांवाच्या इतिहासांत पुढें जें वारंवार घडणार होतें, त्याची ही जणूं नांदीच होय.

दक्षिण ऑस्ट्रेलिया ही वसाहत १८३६ च्या डिसेंबरांत स्थापन झाली. शेजारच्या वसाहतींप्रमाणें येथें इंग्लंडांतले कैदी आणावयाचे नाहींत, जमीन विकून येणाऱ्या पैशांतून कष्टकरी कुटुंबें आणावयाचीं आणि सारा व्यवहार सभ्य गृहस्थांच्या हिशेबानें चालवावयाचा, अशी योजना होती. योजना कागदावर सुबक होती. पण चार-पांच वर्षांतच तिजोरींत खडखडाट झाला, हुंड्या परत येऊं लागल्या, आणि गव्हर्नर गॉलर यांस परत बोलावून त्यांच्या जागीं जॉर्ज ग्रे यांस पाठवावें लागलें. अशा वेळीं १८४२ मध्यें कपंडा येथें तांबें सांपडलें आणि लोकांच्या नजरा आकाशांतल्या पावसावरून पायांखालच्या दगडाकडे वळल्या. हिरवा किंवा निळा दगड दिसला कीं तो उचलून खिशांत टाकावा, ही खोड त्या दिवसांत लहानथोरांस लागली असली पाहिजे.

१८४५ मध्यें ॲडलेडच्या उत्तरेस सुमारें १०० मैलांवर, बरा ओढ्याच्या परिसरांत, दोन मेंढपाळांना निरनिराळ्या वेळीं असा दगड दिसला. एकाचें नांव विल्यम स्ट्रेअर, दुसऱ्याचें टॉमस पिकेट. स्ट्रेअरनें आपला नमुना ॲडलेडला नेऊन दाखविला. पिकेटला दिसलेली जागा तर प्रत्यक्ष त्या प्रचंड साठ्याचें जमिनीवर आलेलें टोंकच होती. मेंढपाळाचा दिवस कसा जातो हें आपल्याकडच्या धनगरांकडे पाहिलें असतां समजेल. कळपामागून सावकाश चालावयाचें, आणि माणसांशीं बोलणें नसल्यामुळें जमीन, झुडूप, दगड यांच्याशींच ओळख वाढवावयाची. घोड्यावरून दौडत जाणाऱ्या जमीनमालकाला जें दिसत नाहीं तें कळपामागून चालणाऱ्याला दिसतें. पण दिसणें निराळें आणि मिळणें निराळें. खाणीची मालकी या दोघांपैकीं एकाच्याहि वांट्यास आली नाहीं.

ती यावी कशी? सरकारचा नियम असा होता कीं, २०,००० पौंड एकरकमी भरणारास २०,००० एकरांचा सलग तुकडा स्वतंत्र मोजणी करून मिळेल. तेवढी रक्कम त्या दरिद्री वसाहतींत एका माणसाजवळ नव्हती. इच्छा दोन मंडळांना झाली. एकांत कपंडाचे मालक आणि त्यांच्यासारखे भांडवलदार, जमीनदार होते. दुसऱ्यांत ॲडलेडचे दुकानदार नि लहान व्यापारी. गांवानें पहिल्यांस 'नॉब' म्हणजे बडे आणि दुसऱ्यांस 'स्नॉब' अशीं नांवें ठेवलीं. 'स्नॉब' हा शब्द आज आपण तोरा मिरविणारास लावतों. त्या काळीं त्याचा अर्थ अगदीं उलट, म्हणजे चांभार किंवा तसलाच साधा धंदेवाला, असा होता. या दोन मंडळांचें एकमेकांशीं मुळींच पटत नसे. पण परक्या भांडवलवाल्यांनीं मध्येंच झडप घातली तर दोघेहि उपाशी राहणार, हें उमगल्यावर त्यांनीं निम्मीं निम्मी रक्कम गोळा केली. गव्हर्नर ग्रे यांनीं नोटा नाकारून रोख नाणेंच पाहिजे असा हट्ट धरला. तेव्हां पेट्या, गल्ले आणि बायकांच्या शिलकी धुंडाळून तीं नाणीं जमविण्यांत आलीं असतील, असें चित्र आमच्या डोळ्यांपुढें येतें. ऑगस्टांत जमीन मिळाली.

मिळाली, पण एकत्र नांदण्याची तयारी कोणाचीच नव्हती. तो सुमारें आठ मैल लांब नि चार मैल रुंद असा पट्टा होता. त्याच्या बरोबर मध्यावर पूर्वपश्चिम रेघ ओढून उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे पाडले आणि चिठ्ठ्या टाकल्या. उत्तरेचा तुकडा दुकानदारांच्या वांट्यास आला, दक्षिणेचा बड्यांच्या. दक्षिणेच्या तुकड्यांत वरवर दिसणारें तांबें थोडक्याच दिवसांत संपलें आणि सहा-सात वर्षांत ती खाण बंदहि पडली. उत्तरेच्या तुकड्यांत मात्र जें होतें त्याला लोक 'राक्षसी खाण' म्हणूं लागले. सप्टेंबरअखेर कामास सुरुवात झाली. पहिल्या वर्षांतच सहा हजार टनांहून अधिक, आणि तिसऱ्या वर्षीं बारा हजार टनांहून अधिक कच्चा धातु बाहेर निघाला. मंडळाचें एकंदर भांडवल १२,३२० पौंड, पांच पांच पौंडांच्या २,४६४ भागांत वांटलेलें. त्या पांच पौंडांच्या भागावर एकेका वेळीं दहा दहा पौंड नफा वांटला जाऊं लागला. शेवटपर्यंतचा हिशेब केला तर भागधारकांच्या हातीं सुमारें आठ लाख पौंड पडले. दिवाळें निघूं पाहणारी वसाहत सांवरली ती या दगडावर.

आमचे एक वडीलधारे स्नेही तहसील कचेरींत आयुष्य घालवून निवृत्त झाले आहेत. आम्ही ही हकीकत त्यांस मोठ्या उत्साहानें सांगत होतों, तेव्हां मध्येंच हात वर करून ते म्हणाले, "अहो, तें भागभांडवल राहूं द्या. गांव वसविलें कोणीं, तें आधीं सांगा."

प्रश्न कागदपत्रांत मुरलेल्या माणसाचा होता, आणि त्यास उत्तर देणें सोपें वाटलें. कंपनीनें १८४६ मध्यें कूरिंगा नांवाचें गांव आंखलें. तेव्हां गांव कंपनीनें वसविलें. पण हें उत्तर जिभेवर येतांच आम्ही थबकलों. 'वसविणें' हें प्रयोजक क्रियापद आहे. त्यांत कर्त्याचा मान एकास मिळतो आणि क्रिया दुसरेच करीत असतात. राजानें पेठ वसविली असें बखर सांगते. त्या पेठेंत पहिल्या पावसाळ्यांत गळक्या छपराखालीं चूल कोणीं पेटविली, हें बखर सांगत नाहीं. मग आम्ही वसविणाऱ्यांस सोडून वसणाऱ्यांच्या मागें लागलों.

ते आले दूरदुरून. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास कॉर्नवॉल म्हणून प्रांत आहे; तेथें कथील नि तांबें खणण्याची विद्या पिढीजात. जमिनीखालचें काम मुख्यतः या कॉर्निश लोकांचें. ते आपल्याबरोबर आपली बोली, आपलीं मेथॉडिस्ट प्रार्थनामंदिरें, आपलीं समूहगीतें आणि खाणीच्या मुकादमास 'कप्तान' म्हणण्याची आपली रीत घेऊन आले. धातु वितळविण्याची विद्या वेल्सच्या लोकांची. १८४९ मध्यें भट्ट्या सुरू झाल्यावर ते आले. तत्पूर्वीं कच्चा धातु बैलगाड्यांतून ॲडलेडच्या बंदरास आणि तेथून गलबतांतून थेट वेल्समधील स्वान्सीच्या भट्ट्यांस जाई. हाकण्याच्या नि ओढण्याच्या कामांत जर्मन होते. पुढें दक्षिण अमेरिकेंतून खेचरांचे तांडे आणि त्यांच्याबरोबर स्पॅनिश बोलणारे हांकणारे आले. प्रत्येकानें शक्य तेथें आपल्या मुलखाचें नांव मातींत रोविलें: कॉर्निश लोकांसाठीं रेडरूथ, स्कॉच लोकांसाठीं ॲबरडीन, वेल्सवाल्यांसाठीं ज्याचा उच्चार इतरांस कधींच साधला नाहीं असें लूखूर. हीं सारीं खेडीं पुढें बरा या एकाच नांवांत विरून गेलीं. १८५१ च्या सुमारास तेथें सुमारें पांच हजार वस्ती होती आणि समुद्रकांठापासून दूर, आंतल्या मुलखांत, एवढें मोठें गांव त्या वेळीं सबंध ऑस्ट्रेलियांत दुसरें नव्हतें.

कामाची पद्धति समजून घेण्यासारखी आहे, कारण ती आपल्या शेतीच्या रिवाजांशीं फार जुळते. कॉर्निश लोक दोन तऱ्हांनीं काम करीत. एक उक्तें काम: अमुक हात खोल खणावें आणि त्या मापानें पैसे घ्यावेत. दुसरें बटाईचें: खाणींतला एखादा तुकडा ठरावीक मुदतीसाठीं अंगावर घ्यावा आणि त्यांतून जें तांबें निघेल त्याच्या किंमतींतला ठरलेला हिस्सा घ्यावा. यासाठीं लिलांव होई, पण तो उलटा. कप्तान एकेक तुकडा पुकारी आणि जो सर्वांत कमी हिश्शावर राजी होई त्याच्या टोळीस तो मिळे. मेणबत्त्या, दारू, अवजारें हीं कंपनीकडून घ्यावयाचीं आणि हिशेबांत वळतीं व्हावयाचीं. डॉक्टरच्या फंडाचा पैसाहि त्यांतूनच कापला जाई. तुकडा चांगला लागला तर दोन महिन्यांत माणूस गब्बर. वाईट लागला तर मेणबत्तीचे पैसेहि अंगावर. आपल्या कुळास पाऊस जसा, तशी त्या माणसास दगडांतली हिरवी शीर.

पण पाऊस कोणाच्या हातांत नसतो. येथें एक गोष्ट माणसाच्या हातांत होती, ती म्हणजे कस. निघालेल्या दगडांत शेंकडा किती तांबें आहे हें कंपनीचा कस लावणारा ठरवी आणि त्यावर टोळीची कमाई ठरे. तो मुद्दाम कमी आंकडा लावतो असा संशय १८४८ च्या सप्टेंबरांत पेटला आणि बटाईवाल्यांनीं हत्यारें खालीं ठेवलीं. तो वाद मिटतो न मिटतो तोंच कंपनीनें रोजावरच्या मजुरांचे पगार उतरविले आणि संप पुन्हां भडकला. नव्या वर्षाच्या आरंभापर्यंत ती कुतरओढ चालली. त्या वसाहतीनें एवढा मोठा संप तोंपर्यंत पाहिला नव्हता. शेवटीं हात वर राहिला तो कंपनीचाच. पुढारीपण करणारांस काम मिळेनासें झालें आणि बाकीचे पुन्हां शिडीवरून खालीं उतरले. सोन्याचा कस सोनार आपल्यासमोर लावतो. ज्याचा कस आपल्यामागें लावला जातो त्या माणसाची काय अवस्था होत असेल, याचा विचार आम्ही पुष्कळ वेळ करीत राहिलों.

आतां घरांकडे वळूं. कूरिंगा गांवाची जमीन कंपनीची. तेथें घर बांधावयाचें तर पट्ट्यानें. जमीन विकत मिळावयाची नाहीं. घरें आधींच थोडीं, त्यांचें भाडें जड, लांकडाची टंचाई, आणि उद्यां येथें राहूं कीं नाहीं याची खात्री नाहीं. मग खाणकामगारांनीं जें त्यांस सर्वांत चांगलें येत होतें तेंच केलें. त्यांनीं ओढ्याच्या दरडीच खणल्या. मऊ मातीच्या उभ्या कांठांत एकेक, दोन दोन खोल्या कोरल्या, आंतून चुना फांसला, पुढें दार बसविलें, आणि चुलीच्या धुरासाठीं वरच्या जमिनीपर्यंत भोंक पाडून त्याच्या तोंडावर एखादें बूड नसलेलें पिंप ठेवलें. कांठावरून चालणारास खालीं माणसें राहतात हें कळे तें पायांशीं निघणाऱ्या धुरावरून. १८५१ च्या शिरगणतीच्या वेळीं सुमारें अठराशें माणसें अशा घरांत राहत होतीं. दिवसभर जमिनीच्या पोटांत काम करावें आणि रात्रीं पुन्हां जमिनीच्याच पोटांत निजावें, असा तो प्रकार. भागधारक ॲडलेडमध्यें दगडी हवेल्या बांधीत होते. त्यांच्या हवेलीचा दगड उचलणारा माणूस उंदरासारखें बीळ करून राहत होता. त्या घरांसहि मोल होतें, हें मात्र खरें: त्यांचें भाडें कोणीं मागत नव्हतें आणि तीं कोणाच्या परवानगीनें खणावीं लागलीं नव्हतीं. आमच्या मतें तो ओढा हाच त्या गांवचा खरा राजरस्ता.

परंतु ओढा तो ओढाच. हजारों माणसांचें सांडपाणी, गुरांची घाण, खाणींतून उपसलेलें पाणी, सारें त्यांतच. विषमज्वर, टायफस आणि देवी यांनीं तेथें ठाण मांडलें, आणि अशा रोगांचा घास कोण असतो हें सांगावयास नको. मुलें गेलीं. १८५१ मध्यें ओढ्याला पुन्हां पुन्हां पूर आला. पाणी दारांतून आंत आणि चुलीच्या भोंकांतून वर, अशी गत झाली. अंथरुणें, भांडीं, जपून ठेवलेलें पीठ, सारें वाहून गेलें. कंपनीनें याच सुमारास 'पॅक्स्टन स्क्वेअर' नांवाच्या दगडी बिऱ्हाडांच्या रांगा बांधल्या होत्या. पुरानें ओढ्यांतल्या माणसांस तिकडे लोटलें. म्हणजे जें काम दयेला किंवा शहाणपणाला सुचावयास हवें होतें, तें शेवटीं पाण्यानें केलें. आज त्या शेंकडों घरांपैकीं दोन राखून ठेवलेलीं आहेत, आणि पॅक्स्टन स्क्वेअरमध्यें प्रवासी हौसेनें मुक्काम करतात.

पुरानंतर लगेच दुसरा लोंढा आला, तो सोन्याचा. शेजारच्या व्हिक्टोरियांत सोनें सांपडल्याची बातमी कळली आणि १८५२ साल उजाडतें न उजाडतें तोंच बराचे पुरुष खांद्यावर वळकटी टाकून शेंकडों मैल चालत निघाले. खाणींत माणूस राहिला नाहीं, भट्ट्या विझल्या. बायका मात्र मागें राहिल्या. पत्र येईल, पैसे येतील, नवरा येईल, या तीन आशांवर घर चालविणाऱ्या बायकांचें त्या वर्षाचें गांव कोणत्याहि चित्रकारानें रंगविलें नाहीं. एस. टी. गिल यानें १८४७ मध्यें या खाणीचीं जलरंगांत सुंदर चित्रें काढलीं: मेणबत्त्यांच्या उजेडांत चमकणाऱ्या गुहा, शिड्या, लहान लहान माणसें. तीं चित्रें पाहतांना आमची नजर पुन्हां पुन्हां चित्राच्या चौकटीबाहेर जाते. वर कोण होतें? स्वयंपाक काय केला होता?

आणि या सर्वांच्या आधीं तेथें कोण होतें, हा प्रश्न तर टाळतांच येत नाहीं. तो मुलूख ङजुरी लोकांचा. त्या ओढ्याचे डोह, तेथले प्राणी, तेथलीं मुळें हें त्यांचें धान्याचें कोठार. मेंढ्या आल्या तेव्हां गवत गेलें. खाण आली तेव्हां पाणी गेलें. भट्ट्या आल्या तेव्हां आसपासच्या टेंकड्यांवरचीं झाडें सरपण होऊन गेलीं. त्या टेंकड्या आज बहुतेक बोडक्याच दिसतात. माणसांबरोबर माणसांचे रोगहि आले, आणि पुष्कळसे ङजुरी त्यांनींच नेले. २०,००० पौंड रोख मोजून घेण्याचा हट्ट धरणाऱ्या सरकारनें ती जमीन स्वतः कोणाकडून आणि किती पौंडांस घेतली होती, हें त्या हिशेबाच्या वहींत आढळत नाहीं. त्यांचे वंशज आजहि आहेत, आणि तो मुलूख आपला असें ते सांगतात.

खाणीचा शेवट अगदीं साधा झाला. माणसें सोन्यावरून परत आलीं, पाणी उपसण्यास मोठमोठीं वाफेचीं यंत्रें बसलीं, पण जसें खोल जावें तसें पाणी वाढे आणि तांबें विरळ होई. शेवटीं जमिनीखालचें काम सोडून वरूनच मोठा खड्डा खणून पाहिला, तोहि परवडेना. तांब्याचा भाव उतरला, आणि १८७७ च्या सप्टेंबरांत, म्हणजे सुरुवात झाल्यापासून बत्तीस वर्षांनीं, बराची खाण बंद झाली. तोंवर सुमारें ५०,००० टन शुद्ध तांबें जगांत निघून गेलें होतें. त्याचीं कोठें तोफा झालीं, कोठें नाणीं, कोठें गलबतांचे तळ, कोठें कोणाच्या घरच्या घागरी. कामगार पश्चिमेकडे मूंटा नि वॉलरू येथील नव्या खाणींकडे गेले. त्या खाणीहि १८५९ ते १८६१ च्या दरम्यान मेंढपाळांच्याच नजरेस पडल्या होत्या. तेथील मालक वॉल्टर वॉट्सन ह्यूज यांनीं पुढें २०,००० पौंड विद्येसाठीं दिले आणि त्यांतून १८७४ मध्यें ॲडलेड विद्यापीठ उभें राहिलें. नेमकी तीच रक्कम! एकदां ती जमीन विकत घेण्यास लागली, एकदां विद्या. आम्ही त्या देणगीस उणें म्हणत नाहीं. पण देणगीच्या शिलेवर मेंढपाळाचेंहि नांव कोरलें असतें तर शिला कांहीं फुटली नसती.

नांवांची गोष्ट निघाली म्हणून एकच सांगून हा लेख आवरतों. बराच्या कंपनीचे चिटणीस हेन्री एअर्स. वकिलाच्या कचेरींतले कारकून म्हणून आलेला हा हुषार गृहस्थ खाणीच्या जोरावर वाढत गेला, अनेकदां त्या वसाहतीचा मुख्य प्रधान झाला, 'सर' झाला. १८७३ मध्यें मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटांत एका भूमापकास प्रचंड तांबडा खडक दिसला, आणि त्यानें त्यास एअर्स यांचें नांव देऊन टाकलें. ज्यांच्या पूर्वजांनीं हजारों वर्षें त्या खडकाच्या सावलींत दिवस काढले ते त्यास उलुरू म्हणत. त्यांस कोणीं विचारलें नाहीं. पण नांवेंहि कधीं कधीं परत येतात. १९९३ पासून उलुरू हें नांव सरकारी कागदांवर पुन्हां आलें, आणि आज जग त्यास त्याच नांवानें ओळखतें.

बराच्या ओढ्यांतून आतां कोणी धूर काढीत नाहीं. मोठा खड्डा पाण्यानें भरला आहे आणि त्या पाण्याला हिरवट निळी झांक आहे, जणूं दगडानें आपला रंग पाण्याजवळ ठेव म्हणून दिला. यंत्रघरांच्या दगडी भिंती नि धुराडीं उभीं आहेत. २०१७ मध्यें त्या सर्व जागेस राष्ट्रीय वारशाच्या यादींत स्थान मिळालें. भोंवतालच्या बोडक्या टेंकड्यांवर मेंढ्या चरतात. तांबें आलें नि गेलें. गांव मात्र उठलें नाहीं. तें कंपनीनें वसविलें होतें म्हणून नव्हे, कारण कंपनी तर केव्हांच उठून गेली. ज्यांनीं दरडींत चूल मांडली, ओढ्याकांठीं मुलें पुरलीं आणि तरीहि दुसऱ्या दिवशीं मेणबत्ती पेटवून खालीं उतरले, ते तेथें वसले होते म्हणून. गांवाच्या दप्तरांत वसविणाऱ्यासाठीं रकाना असतो, वसणाऱ्यांसाठीं नसतो. तो रकाना आंखून त्यांत निदान 'नांव माहीत नाहीं' एवढें तरी लिहिण्याची रीत पडली, तर पुष्कळ गांवांचा इतिहास खऱ्या अर्थानें सुरू होईल.